देवबागच्या पाण्याला कोणती जेट स्की?

पत्र : आम्ही देवबागला राहतो. घराच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आहे. आमचा निवास-न्याहारीचा व्यवसाय आहे. जलक्रीडेसाठी आजवर पाहुण्यांना दुसऱ्यांकडे पाठवत आलो. येत्या हंगामापासून स्वतःची एक जेट स्की घ्यावी, असा विचार आहे. तीन यंत्रे पाहिली आहेत : दोन आसनांची सी-डू स्पार्क, तीन आसनांची यामाहा व्हीएक्स आणि मुंबईत एकाकडे असलेली वापरलेली कावासाकी अल्ट्रा ३१०. माझे मन अल्ट्रावर आहे, कारण मोठे यंत्र घेतले की लहान यंत्राची कामेही त्यात होऊन जातात. सुटीच्या दिवशी पत्नी आणि मुलीला घेऊन भोगवे, निवतीपर्यंत जाण्याचीही इच्छा आहे. दुसरी शंका अशी, की शेजाऱ्यांच्या यंत्राची नाळ (पुढचे टोक) वेगात सारखी वर-खाली आपटत राहते आणि मागच्या हंगामात वळणावर त्यांचा एक पाहुणा मागून पाण्यात पडला. हा दोष चालवणाऱ्याचा म्हणावा की यंत्राचा? – एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण सांगितलेल्या कामासाठी तिन्हींपैकी यामाहा व्हीएक्स घ्यावी, असे माझे मत आहे. ते आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे विवेचन आपल्याला निवांतपणे तपासून पाहता येईल.

मोठ्या यंत्रात लहान यंत्राची कामे होऊन जातात, हे आपले म्हणणे इंजिनापुरते बरोबर आहे. ३१० अश्वशक्तीचे इंजिन हळू चालवायला कोणाची आडकाठी नाही. तळाला मात्र हे लागू पडत नाही. तळाचा आकार कारखान्यात एकदाच ठरतो आणि ज्या पाण्यासाठी, ज्या वेगासाठी आणि जेवढ्या वजनासाठी तो आखलेला असतो, त्याबाहेर नेल्यावर त्याचे गुणच आपल्याला नडू लागतात. विक्रेता अश्वशक्ती आधी सांगतो, कारण तो एक आकडा असतो आणि लगेच पटतो. पाण्यावर गेल्यानंतर पाहुण्याला बसताना भीती वाटते की नाही, वळणावर यंत्र कसे वागते, दुपारच्या वाऱ्यात कंबर शाबूत राहते की नाही, हे सारे तळावर ठरते.

देवबागच्या दोन अंगांच्या पाण्याचा स्वभाव वेगवेगळा आहे, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही; यंत्र निवडताना त्याचा हिशोब कसा मांडायचा, एवढेच सांगतो. खाडीचे पाणी शांत असते, पण उथळ असते, रेतीचे पट्टे जागा बदलत राहतात आणि हंगामात त्सुनामी बेटाच्या आसपास प्रवासी होड्या व पाण्यात उतरलेली माणसे यांची दाटी असते. समुद्राच्या अंगाला सकाळी पाणी बरे असते. दुपारनंतर वायव्येचा वारा धरला की आखूड आणि एकामागोमाग येणाऱ्या लाटा उठतात. संगमावर ओहोटीचे बाहेर पडणारे पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर आली की तीच लाट अधिक उभी आणि टोकदार होते. आपल्या व्यवसायातील बहुतेक वेळ खाडीत किंवा किनाऱ्यालगत, मध्यम वेगात, अनोळखी माणसांना चढवण्या-उतरवण्यात जाणार आहे. निवतीची फेरी सुटीच्या दिवसाची आहे. निवड पहिल्या कामावर बेतावी आणि दुसरे काम त्या यंत्राला झेपते की नाही, तेवढे पाहून घ्यावे.

आता तळाकडे येऊ. यंत्र ट्रेलरवर असताना मागे जाऊन खाली वाकून पाहिले, तर तळ मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंना वर चढत गेलेला दिसतो. हा चढ आडव्या रेषेशी जो कोन करतो, त्याला बोटींच्या व्यवहारात डेडराइज म्हणतात. कोन लहान असेल तर तळ पसरट असतो. असा तळ थोड्या ताकदीत पाण्यावर चढतो, म्हणजे पाणी कापण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावरून धावू लागतो, थांबलेला असताना डुलत नाही, वळणावर थोडा घसरतो आणि लाटेवर सपाट पडल्यामुळे आपटतो. कोन मोठा असेल तर तळ खोल व्ही आकाराचा होतो. तो लाटेला दुभागत जातो, पडताना धक्का कमी देतो आणि सरळ रेषा धरून ठेवतो; त्याबदल्यात पाण्यावर चढायला त्याला जास्त ताकद लागते आणि थांबला की तो एका कुशीवर झुकू पाहतो, कारण पाण्यावर टेकणारा पसरट भागच त्याच्याकडे कमी असतो. समुद्रात जाणारी अरुंद होडी उलांडी लावल्याशिवाय का चालत नाही, हे मालवणात वाढलेल्या माणसाला ठाऊक असते. खोल व्ही तळाच्या जेट स्कीला तसा आधार वेगातून मिळतो. वेग संपला की आधारही संपतो.

अल्ट्रा ३१० च्या तळाचा हा कोन २२.५ अंशांचा आहे आणि या प्रकारच्या यंत्रांमध्ये तो खोल समजला जातो. तिची लांबी ३.३७ मीटर आणि रुंदी सुमारे १.२ मीटर आहे. व्हीएक्सची लांबी ३.३५ मीटर आणि रुंदी १.२२ मीटर आहे. म्हणजे किनाऱ्यावर शेजारी-शेजारी उभी केली तर आकारात फरक जवळजवळ नाही. ‘मोठे यंत्र’ म्हणून आपल्या मनात जे आहे, ते लांबी-रुंदीने मोठे नाही. तिचा तळ खोल आहे, इंजिन सुपरचार्जर (जादा हवा दाबून ताकद वाढवणारे साधन) लावलेले आहे, टाकी ७८ लिटरची आहे आणि वजन प्रकारानुसार पावणेपाचशे ते पाचशे किलोच्या घरात जाते. व्हीएक्स तिच्यापेक्षा शे-दीडशे किलोंनी हलकी असते. ओहोटीच्या वेळी मऊ पुळणीवरून ट्रेलर ओढत नेणाऱ्या माणसांना हा फरक रोज दोनदा जाणवतो.

याहून महत्त्वाचा फरक भारक्षमतेत आहे आणि तो बहुतेक ग्राहकांच्या नजरेतून सुटतो. अल्ट्रा ३१० साठी निर्मात्याने माणसे आणि सामान मिळून २२५ किलोंची मर्यादा दिलेली आहे, तर व्हीएक्ससाठी २४० किलोंची. दोन आसनांच्या स्पार्कसाठी ती १६० किलो आहे. आपला चालक ७० किलोंचा आणि दोन पाहुणे प्रत्येकी ८० किलोंचे धरले, तर बेरीज २३० होते. व्हीएक्स त्यात कशीबशी बसते आणि तिच्याहून महाग, जड व ताकदवान अल्ट्रा बसत नाही. यंत्रावर भारक्षमतेची पाटी लावलेली असते. आपण घेणार असाल त्या यंत्रावरची पाटी स्वतः वाचा आणि ती कोणी काढून टाकलेली असेल तर तेवढ्यावरूनच विक्रेत्याविषयी सावध व्हा.

स्पार्कविषयी थोडे सांगून हा पर्याय बाजूला ठेवतो. २०१३ मध्ये हे यंत्र बाजारात आले तेव्हा त्याच्या हलकेपणाचे फार कौतुक झाले आणि ते योग्यच होते. लांबी २.७९ मीटर, वजन दोनशे किलोंच्या आत, तळ साध्या फायबरऐवजी काचतंतू मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा. एकट्या सराईत माणसाला शांत पाण्यात इतका आनंद देणारे यंत्र विरळाच. तेच हलके यंत्र दुपारच्या समुद्रात प्रत्येक लाटेवर आपटते, तोंडावर पाणी उडवते, आणि चालकासह एक धट्टाकट्टा पाहुणा बसला की त्याची भारक्षमता संपते. आपल्या पत्नी व मुलीसह निवती तर त्यात होणारच नाही. घरात वीस वर्षांचा मुलगा असता आणि त्याच्या हौसेचा प्रश्न असता, तर मी निराळे लिहिले असते.

आपली दुसरी शंका मला अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यातून तळाचे वागणे नीट कळते. वेगात नाळ सारखी वर-खाली होणे याला इंग्रजी बोलणारे खलाशी पॉर्पॉइज या डॉल्फिनच्या जातभाईचे नाव देतात आणि डॉल्फिन पाहायला जाणाऱ्या होड्यांच्या गावात ते कोणालाही पटेल. कारण असे, की वेगात तळाचा फक्त मागचा भाग पाण्यावर टेकलेला असतो आणि यंत्राला उचलून धरणारा जोर तेवढ्याच भागावर येतो. वजन फार मागे असेल किंवा पाणी फेकणाऱ्या नोझलचा कल वर ठेवलेला असेल, तर नाळ गरजेपेक्षा जास्त उचलली जाते. उचललेल्या नाळेखाली आधार उरत नाही, म्हणून ती पडते. पडताच तिथला तळ पुन्हा पाण्याला लागतो आणि तिला वर ढकलतो. हे चक्र एकदा सुरू झाले की वेग बदलल्याशिवाय किंवा वजन हलवल्याशिवाय ते सहसा थांबत नाही.

शेजाऱ्यांचे यंत्र कोणते, हे आपण लिहिलेले नाही. पण बहुतेक वेळा पाहुणा पुढे, चालक त्याच्या मागे आणि तिसरा माणूस अगदी टोकाला बसवतात. यात तीन माणसांचे वजन यंत्राच्या मागच्या अर्ध्या भागात जाते. त्यांना प्रथम एवढेच करून पाहायला सांगा : जड माणसाला पुढे घ्या, नोझलचा कल खाली करा आणि वेग थोडा कमी करून स्थिर ठेवा. यानेही नाळ थांबली नाही, तर यंत्र वर काढून पंपाखालची तळपट्टी, म्हणजे तळाच्या मागच्या टोकाला असलेली राइड प्लेट, वाकली आहे का ते पाहा. खडकावर एकदा नीट टेकलेली तळपट्टी डोळ्यांना सरळ दिसते, पण लांब पट्टी आडवी धरून पाहिली की फट दिसते आणि तेवढ्या वाकण्याने वेगात यंत्राचा तोल बदलतो. चालवणारा आणि यंत्र, दोघांपैकी कोणाचा दोष, हे ठरवण्याचा हाच सोपा क्रम आहे.

वळणावर पाहुणा पडला, त्याचे कारण तळाच्या कडेत शोधावे लागेल. तळ आणि बाजूची भिंत जिथे मिळतात त्या कडेला चाइन म्हणतात. ही कड धारदार कोनाची असेल तर वळताना आतल्या बाजूची कड पाण्यात रुतते आणि यंत्र रुळावरून गेल्यासारखे वळते. कड गोलसर असेल तर यंत्र थोडे बाहेर घसरत वळते. मागच्या टोकाला दोन्ही बाजूंना जे पंख लावलेले असतात, ते स्पॉन्सन हेच रुतणे वाढवतात किंवा कमी करतात. काही यंत्रांत ते खालच्या छिद्रांवर बसवले की पकड वाढते आणि वर चढवले की यंत्र मोकळे होते. सी-डूने २०१२ मध्ये आरएक्सपी-एक्स हे यंत्र आणले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याचा तळ वळणावर घट्ट पकड घेईल असा केलेला आहे आणि त्यासोबत चालकाच्या मांड्या अडकून राहतील अशी आसनाची रचनाही दिलेली आहे. निर्मात्याला ठाऊक होते, की असा तळ माणसाला बाहेर फेकतो, म्हणून त्याने माणसाला धरून ठेवण्याची सोय केली. मागे बसलेल्या पाहुण्याला तशी सोय नसते. त्याला वळण येत आहे हे कळलेले नसते, हात चालकाच्या जॅकेटवर सैल असतात आणि तेवढ्यात कड रुतून यंत्र आत झुकते.

म्हणून प्रवासी वाहणाऱ्या यंत्राला मध्यम कोनाचा आणि वळणावर जरा सैल सुटणारा तळ हवा. व्हीएक्सची ख्याती याच बाबतीत आहे. ती वळणावर थरार देत नाही, हे काही हौशी लोक तिची उणीव म्हणून सांगतात. आपल्याला ती उणीव विकत घ्यायची आहे. स्पॉन्सन हलवता येत असतील तर पाहुण्यांच्या हंगामात ते वरच्या जागी ठेवा.

मागून पडण्याविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, कारण किनाऱ्यावर ती कोणी बोलत नाही. पंपातून बाहेर पडणारा पाण्याचा झोत फार जोराचा असतो आणि मागे पडलेल्या माणसाच्या शरीरात खालच्या बाजूने पाणी घुसून गंभीर इजा होऊ शकते. याचसाठी सर्व निर्माते यंत्रावरच्या सूचनापाटीत वेटसूटची किंवा तसे संरक्षण देणारी चड्डी घालायला सांगतात. साडी, सलवार किंवा पातळ बर्म्युडा घातलेल्या पाहुण्याला सर्वांत मागे बसवून एकदम थ्रॉटल (वेग वाढवणारी कळ) दाबणे, हा प्रकार आपल्याकडे होऊ देऊ नका. अल्ट्रासारख्या यंत्रात हा धोका वाढतो, कारण ते जागेवरून सुटतानाच माणसाला मागे लोटते.

जेट स्कीला सुकाणू नसते, हे आपण जाणताच. वळवण्याचे काम नोझलमधून जाणारे पाणी करते. थ्रॉटल सोडले की पाणी थांबते आणि हँडल कितीही फिरवले तरी यंत्र आपल्या वेगाने सरळ जात राहते. घाबरलेला नवशिका नेमके थ्रॉटल सोडतो. खाडीतील गर्दीत सर्वाधिक अपघातांची भीती या एकाच गोष्टीची आहे. खोल व्ही तळ सरळ रेषा अधिक हट्टाने धरतो आणि जड यंत्र अधिक लांबपर्यंत जाते, म्हणजे येथेही अल्ट्रा आपल्याला प्रतिकूल पडते. अलीकडच्या यंत्रांत यावर दोन उपाय आलेले आहेत. थ्रॉटल सोडूनही हँडल वळवले तर इंजिनाला थोडी गती देऊन वळायला मदत करणारी यंत्रणा तिन्ही निर्मात्यांकडे वेगवेगळ्या नावांनी आहे. दुसरा उपाय ब्रेकचा : नोझलच्या मागे एक झाकण उतरते आणि झोत उलट दिशेला वळवते. सी-डूने हा ब्रेक २००९ मध्ये प्रथम दिला आणि यामाहाने २०१५ च्या यंत्रांपासून. मात्र प्रत्येक नमुन्याच्या स्वस्त आवृत्तीत ब्रेक असतोच असे नाही. नोझलचा कल बदलण्याची सोयही असतेच असे नाही. व्हीएक्स हे नाव ऐकून पैसे मोजू नका, समोरच्या यंत्रावर ब्रेकची दांडी आणि कल बदलण्याची सोय बोटाने दाबून पाहा. ब्रेक असलेल्या आवृत्तीसाठी जास्त पैसे द्यावे लागले तर द्या. सुपरचार्जरसाठी देऊ नका.

रेतीचा मुद्दा तळाशीच निगडित आहे. पाणी ओढून घेणारे तोंड तळाच्या मध्यावर, मागच्या बाजूला असते आणि उथळ पाण्यात ते रेतीही ओढते. रेतीने पंपातील फिरकीच्या कडा आणि तिच्याभोवतीचे कडे झिजते, दोहोंमधली फट वाढते, मग इंजिन ओरडते पण यंत्र सुटत नाही. निर्मात्यांच्या पुस्तिका तळाखाली ६० ते ९० सेंटीमीटर पाणी असल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, असे सांगतात. अल्ट्रा जड असल्याने आणि तिचा तळ खोल असल्याने ती पाण्यात अधिक बुडते, आणि कर्लीतल्या रेतीच्या पट्ट्यांवर हा फरक जाणवतो. पाहुण्यांना घोटाभर पाण्यात बसवून तिथूनच यंत्र सोडण्याची किनाऱ्यावरची सवय कोणत्याही यंत्राचा पंप एका हंगामात खाऊन टाकते. कंबरभर पाण्यात यंत्र धरून माणसे चढवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

आता निवती. व्हीएक्समध्ये आपण तिघे सकाळी जाऊन दुपारचा वारा धरण्याआधी परत येऊ शकता, आणि तसेच करावे. भोगवे तर संगमाच्या पलीकडेच आहे. समोरून येणाऱ्या आखूड लाटांत व्हीएक्स अल्ट्राइतकी मऊ जाणार नाही, हे मान्य करूनच निघा : वेग कमी करा, कल खाली घ्या म्हणजे नाळेचा धारदार भाग लाटेला लागेल, लाट अगदी समोरून न घेता थोडी तिरकी घ्या. परतताना लाट पाठीमागून येत असेल तर उलटे करावे लागते. कल खाली ठेवून लाटेच्या उतारावरून धावलात, तर नाळ पुढच्या लाटेत शिरते आणि यंत्र एकदम थांबल्यासारखे होते. म्हणून पाठच्या लाटेत नाळ हलकी ठेवावी आणि लाटेच्या वेगाशी जुळवून तिच्या पाठीवर राहावे. संगम ओहोटीच्या जोरात ओलांडू नका, भरती भरत आलेली असताना ओलांडा. टाकी सुमारे ७० लिटरची आहे. तिचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेला अडचणीसाठी, हा जुना नियम पाळा.

खरेदीपूर्वी चाचणी घ्या आणि ती सकाळच्या आरशासारख्या पाण्यात घेऊ नका, कारण त्या पाण्यात सगळीच यंत्रे चांगली असतात. दुपारी तीनच्या सुमारास, तीन माणसे बसवून, समुद्राच्या बाजूला न्या. पहिली परीक्षा थांबलेल्या यंत्राची घ्या. छातीभर पाण्यात, लाइफ जॅकेट घातलेल्या आपल्या पत्नीला मागून चढायला सांगा आणि आपण पुढे बसून यंत्र किती झुकते ते पाहा. जेट स्कीवर पडणे हे ठरलेलेच असते. खोल पाण्यातून परत चढता येणे हीच त्यावरची खरी सुरक्षितता आहे. मागे उघडणारी पायरी नसेल तर ती बसवून घ्या. त्यानंतर चालण्याच्या वेगाने खाडीत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. यंत्र इकडे-तिकडे भरकटत असेल तर गर्दीत ते तसेच भरकटणार. मग वेग ३० किलोमीटरच्या आसपास ठेवून दोन्ही बाजूंना वळवा. एका बाजूला यंत्र सहज वळते आणि दुसऱ्या बाजूला अडते, असे दिसले तर स्पॉन्सन किंवा तळ कुठेतरी दुखावलेला आहे. शेवटी मोकळ्या पाण्यात थ्रॉटल सोडा आणि यंत्र किती अंतर सरळ जाते ते डोळ्यांत साठवा. आपल्या चालकालाही ते दाखवा.

व्हीएक्स वापरलेली घेणार असाल, तर इंजिनाचे तास विचारण्याआधी तळ पाहा. यंत्र उंच उचलायला लावून नाळेपासूनच्या पहिल्या हातभर भागावर बोटे फिरवा, कारण किनाऱ्यावर चढवताना हाच भाग घासतो. रंगाखाली बारीक केसासारख्या भेगा, पाणी ओढणाऱ्या तोंडाभोवतीचे तडे आणि नव्या रंगाचा एखादाच चकचकीत पट्टा, यांकडे संशयाने पाहा. नाण्याने हलकेच ठोकत गेलात तर निकोप तळ खणखणीत वाजतो आणि थर सुटलेल्या ठिकाणी आवाज बद्द येतो. पाण्यात सोडल्यावर यंत्र मागे किंवा एका बाजूला खाली बसत असेल, तर आतल्या फोमने पाणी धरलेले असू शकते. असे यंत्र पाण्यावर चढायला वेळ लावते, नाळ उचलते आणि इंजिन कितीही चांगले असले तरी सुधारत नाही.

डागडुजीविषयी एक सूचना. मालवण भागात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे चांगले कारागीर आहेत आणि आपण यंत्र त्यांच्याकडेच नेणार. जेट स्कीचे अनेक तळ मात्र हाताने थर देऊन केलेले नसून साच्यात दाबून केलेले असतात आणि त्यावर होडीला लावतात ते नेहमीचे पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही. इपॉक्सी वापरावे लागते. कारागिराला हे आधीच सांगा. स्पार्कचा तळ तर पॉलिप्रॉपिलीनचा असल्याने त्याला प्लॅस्टिक वेल्डिंगच लागते.

परवानगीचा विषय आपण विचारलेला नाही, पण पाहुण्यांकडून पैसे घेऊन यंत्र चालवायचे तर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी, यंत्राची नोंदणी, विमा आणि प्रशिक्षित चालक हवा, पावसाळ्यात यंत्र बंद ठेवावे लागते, आणि यासाठी मालवणच्या बंदर कार्यालयात यंत्र विकत घेण्यापूर्वी जाऊन यावे. चालकाला गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेच्या प्रशिक्षणाला पाठवा; त्या खर्चाची तुलना ब्रेक नसलेल्या स्वस्त यंत्रात वाचणाऱ्या पैशांशी करू नका.

मुंबईच्या अल्ट्राची किंमत आपण लिहिलेली नाही, आणि ती कितीही आकर्षक असली तरी माझे उत्तर बदलणार नाही. दोन-तीन हंगाम चांगले गेले आणि पाहुण्यांसाठी नव्हे, तर फक्त स्वतःसाठी, एकट्याने किंवा दोघांनी, उघड्या समुद्रात लांब जाण्यासाठी दुसरे यंत्र घ्यायचे झाले, तर खोल व्ही तळाचा विचार जरूर करा आणि तेव्हा मला पुन्हा लिहा. तोवर व्हीएक्सची कोणती आवृत्ती मिळते आहे, तिच्यावर ब्रेक आहे का आणि भारक्षमतेच्या पाटीवर काय लिहिले आहे, एवढे कळवलेत तर किमतीविषयीही मत देता येईल.